देवाचे घर, माणसाचे घर

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जुने दगडी मंदिर आहे. लोक अशा मंदिरांना हेमाडपंती म्हणतात. यादवांचा मंत्री हेमाद्री १३ व्या शतकातला. ही बांधणी मात्र त्याच्याही आधीची. चुना न वापरता घडीव दगड नेमके बसवायचे, एकाच्या खाचेत दुसऱ्याचा उंचवटा गुंतवायचा, ही तिची रीत. जमीन हादरली तर असे दगड सांध्यात किंचित सरकतात, घासतात आणि धक्क्याचा काही जोर तेथेच जिरतो. पाथरवटांच्या मनात भूकंप असो वा नसो, सांध्याची निष्ठा त्यांनी सोडली नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर हादरला. सुमारे १०,००० माणसे दगावली. तेथील घरेही दगडाचीच होती. पण ओबडधोबड दगड मातीत रचलेले. भिंतीचे आतले व बाहेरचे पदर जोडणारा आरपार दगड नाही. वर माळवदाचा प्रचंड भार. पदर फाकले आणि माळवद झोपलेल्यांवर कोसळले. पुढे अशा भिंतींच्या मजबुतीकरणासाठी आरपार बंध घालण्याचाच उपाय सांगितला गेला.

म्हणजे दोष दगडाचा नव्हता. देवाच्या घराला लाभलेले कौशल्य शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचले नव्हते. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांना जिवंत दगड म्हणतो. त्या जिवंत दगडांवरचे छप्पर सुरक्षित करणे, हीदेखील मंदिरबांधणीच नव्हे काय?