कादंबरीतील भावनिर्मिती (विशेष संदर्भ : ‘धग’)

वाचकाच्या मनात दुःख, धास्ती, लोभ किंवा हसू जागे करण्यासाठी कादंबरीकार जी साधने वापरतो, त्यांचा विचार मराठीत दोन अंगांनी होतो. एक अंग रसचर्चेचे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त भावनेचे नुसते नाव घेणे हा रसदोष ठरवला. पात्र शोकाने व्याकूळ झाले असे सांगून शोक पोचत नाही. त्याचे कारण आणि त्याच्या खुणा दिसाव्या लागतात. दुसरे अंग निवेदनाचे : कोण सांगतो, किती सांगतो, कुठे गप्प राहतो.

उद्धव ज. शेळके (१९३१–१९९२) यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत ही दोन्ही अंगे एकत्र येतात. एका गरीब शिंपी कुटुंबाची ही कहाणी. नवरा महादेव कामाला न टिकणारा, पुढे महारोगाने ग्रासलेला. त्याची बायको कौतिक मोलमजुरी करून घर ओढते, मुलगा नामाने शिकावे म्हणून झटते आणि अखेर मरते. एवढ्या ऐवजावर रडकी गोष्ट कुणालाही लिहिता आली असती. शेळके ते टाळतात. त्यांचा तृतीयपुरुषी निवेदक कौतिकच्या जवळ राहतो, पण तिची वकिली करत नाही. तिची घालमेल हातातल्या कामातून आणि तोंडच्या बोलण्यातून कळते. हळहळायचे काम वाचकावर सोडलेले असते. शीर्षकही याच जातीचे. धग जाळ दिसण्याआधी अंगाला लागते. चुलीची, उन्हाची, पोटातली अशी कुठलीही धग घ्या, सगळ्या या घराला लागू पडतात.

खरे बळ मात्र संवादांतल्या वऱ्हाडी बोलीचे. बोली म्हणजे गड्यामाणसांच्या तोंडी हशा पिकवणारी भाषा, हा समज तोवर बराच रुजलेला होता. गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये तिला कादंबरीभर नांदवले; शेळक्यांनी तिच्यावर दुःखाचा सगळा भार टाकला आणि ती वाकली नाही. वऱ्हाडीत ‘येजो’, ‘जेवजो’, ‘सांगजो’ अशी आज्ञार्थी रूपे आहेत. ‘ये’मध्ये हुकूम असतो, ‘येजो’मध्ये पुढच्या वेळेची वाट आणि थोडी काळजीही असते. घराबाहेर पडणाऱ्या पोराला आई ‘जेवून घेजो’ म्हणते, तेव्हा मायेचा उल्लेख वेगळा करावा लागत नाही.

इतर कादंबऱ्यांची साधने निराळी. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) बोटीवरचा प्रवास संपल्यावर नायिका हॅर्टाची पत्रे येतात, तिचा आवाज उरतो, ती नाही. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर सगळ्याचीच टर उडवत ‘वगैरे’ लावून मोकळा होतो. बहीण मनीच्या मृत्यूपाशी ही ढाल पुरत नाही आणि तोवरच्या थट्टेमुळेच तो घाव खोल जातो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) तरुण मास्तराच्या साध्या, कमी बोलणाऱ्या निवेदनावर उभी आहे. दुष्काळाने वाडी उठते तेव्हाही हा आवाज चढत नाही.

‘धग’वर एक आक्षेप घेता येतो : संकटांची रांग फार लांबते. तो अगदीच खोटा नाही. पण माणसांचे खटके, टोमणे, मधूनच येणारे हसू यांमुळे ती रांग यांत्रिक वाटत नाही.

बोलीचा परिणाम सगळ्या वाचकांवर सारखा होत नाही. पुण्याकडचा वाचक ‘काहून’ (का), ‘कायले’ (कशाला) यांपाशी अडखळतो. वऱ्हाडी विदर्भाची बोली असली तरी ती राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३मध्ये त्याच्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. या जिल्ह्यातल्या सौंसरजवळ जामसांवलीला निजलेल्या हनुमानाच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी जमणाऱ्या माणसांत ‘मले’, ‘तुले’ आजही सर्रास ऐकू येते. शाळा हिंदीत झालेल्या इथल्या वाचकाला ‘धग’चे संवाद घरचे वाटतील, अडेल तो निवेदनातल्या प्रमाण मराठीपाशी.