एक गाणं, चार सालं

सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिला प्रश्न येतो, तुमचा कालखंड कोणता? आपण दोन सालं टाकतो आणि पुढे सरकतो. पण साधनावर छापलेलं साल नेमकं कशाचं आहे, हे आधी तपासायला हवं. त्यासाठी आज एका ब्रिटिश रॉक बँडचं उदाहरण घेऊ. परभणीत बसून हे कशाला, असं वाटेल. तिकडे येतोच आहे.

लेड झेपलिन हा १९६८ साली लंडनमध्ये जमलेला बँड. ब्लॅक सॅबथ, डीप पर्पल आणि हा, या तिघांना वगळून हेवी मेटलचा इतिहास सांगताच येत नाही. त्यांच्या १९७० च्या तिसऱ्या अल्बममध्ये 'फ्रेंड्स' हे गाणं आहे, तर १९७१ च्या चौथ्या अल्बममध्ये 'फोर स्टिक्स'. १९७२ मध्ये गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. बासरीवादक विजय राघव राव यांच्या मदतीने त्यांनी इथल्या वादकांना एकत्र केलं आणि हीच दोन गाणी मुंबईच्या स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित केली.

हे ध्वनिमुद्रण तेव्हा बाजारात आलं नाही. चाहत्यांमध्ये चोरट्या प्रती फिरत राहिल्या. अधिकृतपणे ते बाहेर पडलं २०१५ साली, 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. मूळ 'कोडा' आहे १९८२ चा!

आता 'फ्रेंड्स'च्या मुंबईतल्या रूपाचं साल कोणतं लिहाल? गाणं १९७० चं, वादन १९७२ चं, अल्बमचं नाव १९८२ चं, प्रकाशन २०१५ चं. चारही सालं बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. मुंबईच्या वादकांवर लिहायचं असेल तर १९७२ घ्या. श्रोत्यांवर लिहायचं असेल तर २०१५, आणि त्याआधीच्या चोरट्या प्रतीही सोडू नका. नुसतं 'कोडा, १९८२' लिहिलंत तर व्हायवामध्ये अडकलात म्हणून समजा.

याहून मोठा मुद्दा नावांचा. गाण्यांच्या यादीत 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढेच दोन शब्द आहेत. पेज आणि प्लांट जगाला माहीत, पण तबला कुणी वाजवला, तंतुवाद्यांवर कोण होतं, हे त्या दोन शब्दांत मिटून गेलं. आणि याचा दोष फक्त परदेशी बँडवर टाकून भागणार नाही. आपल्याकडच्या हिंदी सिनेमाच्या तबकड्या बघा. लेबलवर गायक, संगीतकार, गीतकार आणि सिनेमा यांची नावं असायची. व्हायोलिन वाजवणाऱ्याचं नाव सहसा नसायचं. म्हणूनच ग्रेगरी बूथ या अभ्यासकाला मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांवर 'बिहाइंड द कर्टन' (२००८) लिहिताना त्या वादकांच्या मुलाखतींवर मोठी भिस्त ठेवावी लागली. कागद गप्प असतो तिथे माणसांकडे जावं लागतं, आणि माणसं कायम थांबत नाहीत.

आता परभणी. इथल्या लग्नांत वाजणारी बँडपथकं, उरुसातले कव्वाल, गावोगावचे सनईवाले हे सगळे आपल्यासाठी 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'च आहेत. पथकाचं नाव पत्रिकेवर किंवा गाडीवर सापडतं, वादकाचं सापडत नाही. तुमचा विषय यातला असेल तर मुलाखतीची वही आजच सुरू करा. प्रत्येक नोंदीत तीन सालं वेगळी लिहा: घटना कधीची, सांगितली कधी, कागदावर आली कधी. आणि प्रत्येक वादकाचं पूर्ण नाव, त्याच्या परवानगीने. संदर्भग्रंथ वर्षभराने वाचले तरी चालतील. सत्तरी ओलांडलेला क्लॅरिनेटवाला तोवर थांबेलच असं नाही.