नापासाचा धसका

१८५८ साली कलकत्ता विद्यापीठाने पहिली बी.ए. परीक्षा घेतली. दहा जण बसले आणि नियमावर बोट ठेवलं तर दहाही नापास झाले. त्यांतले दोघे सहापैकी पाच विषयांत चांगले उतरले होते. सहाव्यात फार तर सात गुण कमी पडत होते. विद्यापीठाने ते पदरचे घातले आणि दोघे पदवीधर झाले. एक जदुनाथ बोस, दुसरे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय, म्हणजे ‘वंदे मातरम्’चे कर्ते.

कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही १८५७ची तिन्ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. ती शिकवत नसत, फक्त परीक्षा घेत. शिकवायचं कॉलेजने आणि निकाल लावायचा विद्यार्थ्याचं तोंडही न पाहिलेल्या परीक्षकाने. मुंबईच्या १८५९च्या पहिल्या मॅट्रिकला शंभराच्या वर मुलं बसली, पास झाली जेमतेम वीस-बावीस. त्यांत रानडे होते, भांडारकर होते. गळालेल्या बाकीच्यांचं पुढे काय झालं, हे चरित्रांत फारसं येत नाही. सरकारी नोकरीची आणि वकिलीची वाट मात्र याच परीक्षांमधून जात होती, त्यामुळे एका पेपराचा धसका अख्ख्या घराला बसे.

धसक्याने मूल जास्त अभ्यास करतं, असं आजही अनेक पालक मानतात. श्रीनिवास रामानुजनची हकीकत याच्या नेमकी उलट आहे. १९०४ साली तो शिष्यवृत्ती घेऊन कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात आला. गणितात बुडालेला हा मुलगा इतर विषयांत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. घरची परिस्थिती फी भरण्यासारखी नव्हती. १९०५च्या ऑगस्टमध्ये कुणालाही न सांगता तो घर सोडून विशाखापट्टणमकडे निघून गेला. सतरा वर्षांचा मुलगा. मुलगा हरवल्याची खबर घरच्यांना वर्तमानपत्रात द्यावी लागली. पुढे मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजातून तो एफ.ए.ला, म्हणजे फर्स्ट आर्ट्सच्या परीक्षेला बसला; १९०६ला नापास, १९०७ला पुन्हा नापास. गणितात त्याला तोड नव्हती, पण इतर विषय पार केल्याशिवाय परीक्षा सुटत नव्हती. कॉलेज कायमचं सुटलं. वह्यांमधलं गणित तेवढं चालू राहिलं, कारण तिथे त्याला नापास करणारं कुणी नव्हतं. १९१६ साली केंब्रिजने त्याला पदवी दिली ती संशोधनावर.

रामानुजनच्या कॉलेजच्या दिवसांआधी तीसेक वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात टिळकांनी पहिलं वर्ष चक्क तालमीत, पोहण्यात आणि नाव वल्हवण्यात घालवलं. तब्येत कमावली, वर्ष गेलं. पण ते त्यांनी स्वतः ठरवून घालवलं होतं, म्हणून पुढच्या वर्षी ते त्याच कॉलेजात ताठ मानेने बसू शकले. गेलेलं वर्ष दोघांचंही, पण एकाच्या मागे भीती होती आणि दुसऱ्याच्या मागे नव्हती. मला हाच फरक निर्णायक वाटतो.

मानसशास्त्रात या भीतीचा माग बराच नंतर लागला. १९७८ साली बर्ग्लास आणि जोन्स यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रश्न सोडवायला दिले. काहींचे प्रश्न सुटण्यासारखेच नव्हते, तरी त्यांना ‘उत्तम जमलं’ असं सांगितलं. मग दुसऱ्या फेरीआधी दोन औषधं पुढे ठेवली: एक बुद्धीला मदत करणारं, दुसरं अडथळा आणणारं. ज्यांना आपलं यश नशिबाचं वाटत होतं त्यांतल्या बऱ्याच जणांनी, विशेषतः मुलांनी, अडथळ्याचं औषध मागितलं. पडलो तर दोष औषधावर. आपल्याकडे निकालाच्या दिवशी कॅन्टीनमध्ये ऐकू येणारं ‘अभ्यासच केला नव्हता रे’ हे त्याच जातीचं औषध आहे.

या भीतीवर महाराष्ट्रात दोन चांगले उतारे निघाले. दहावीच्या नापासांची फेरपरीक्षा २०१५पासून जुलैत होऊ लागली, त्यामुळे त्याच वर्षी अकरावी गाठता येते. कॉलेजात एटीकेटी आहे: एखाददुसरा विषय राहिला तरी विद्यार्थी पुढच्या वर्गात जातो. या सवलतीने पोरं सोकावतात, अशी तक्रार असते. ती पटत नाही. केटी लागलेला मुलगा प्रॅक्टिकलला मित्रांबरोबर उभा असतो आणि संध्याकाळी त्यांच्याकडूनच राहिलेलं गणित समजून घेतो. ईयर डाऊन झालेला घरी बसतो.

पण आता कॅम्पसमध्ये येणाऱ्या अनेक कंपन्या अर्जातच ‘एकही केटी बाकी नको’ अशी अट घालतात. त्यामुळे ऐच्छिक विषय निवडताना मुलं सीनियरला आधी विचारतात, पेपर सोपा जातो का? विषय काय आहे, हे त्यानंतर.