सोन्याच्या नळकांड्यापासून युन्नानच्या तांबड्या खडकापर्यंत

तिबेटच्या पठाराच्या आग्नेय कडेला, नामचा बारवाजवळ हिमालय संपतो. तिथून पुढे सिचुआन-युन्नानच्या डोंगराळ मुलखात भूकवचाचे मोठमोठे ठोकळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरले आहेत. ठोकळा सरकला तर भ्रंशरेषेवर खूण राहते. ओढे तुटून बाजूला गेलेले दिसतात. पण अख्खा ठोकळाच वळला असेल, तर त्याच्यावर उभे राहून काही कळत नाही. ते ओळखण्याची युक्ती ज्या यंत्रातून पुढे आली, ते यंत्र घडले होते एका भलत्याच प्रयोगासाठी.

पॅट्रिक ब्लॅकेट या नोबेलविजेत्या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञांची कल्पना अशी, की फिरणाऱ्या कोणत्याही प्रचंड वस्तूला नुसत्या फिरण्यामुळेच चुंबकत्व येत असावे. ती तपासण्यासाठी त्यांनी 15 किलोंहून थोड्या अधिक वजनाचे शुद्ध सोन्याचे नळकांडे घेतले. पृथ्वीबरोबर तेही फिरतच होते, तेव्हा त्यालाही क्षीण चुंबकत्व असायला हवे होते. ते टिपण्यासाठी त्यांनी विलक्षण संवेदनशील चुंबकमापक घडवला. 1952 साली निष्कर्ष छापला : असे चुंबकत्व नाही. आपलीच कल्पना खोटी ठरल्याचे इतक्या तपशिलाने आणि सरळपणे मांडणारा हा निबंध मला फार मोलाचा वाटतो. कल्पना गेली, मापक राहिला.

खडकात दिशा जपलेली असते, हे तोवर माहीत होते. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजांच्या कणांचे चुंबकत्व त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेला धरून गोठते. बेर्नार ब्रून यांना फ्रान्समध्ये 1906 सालीच उलट्या दिशेचे चुंबकत्व असलेला लाव्हा सापडला होता. अडचण होती ती हे क्षीण चुंबकत्व नेमके मोजण्याची. ब्लॅकेट यांच्या मापकामुळे ती दूर झाली. 1954 मध्ये जॉन क्लेग आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडचे ट्रायासिक काळातले खडक मोजले आणि इंग्लंड तेव्हापासून सुमारे 34 अंश फिरले असावे, असे मांडले. फिरणे अंशांत सांगता येते, हे इथे दिसले.

दोनच वर्षांनी, 1956 मध्ये, क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टवरचे काम प्रसिद्ध केले. हा लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला गोठला होता. भारत हजारो किलोमीटर उत्तरेला आला आणि येताना घड्याळाच्या उलट दिशेने वळलाही. भूखंड सरकतात हे बहुतेक भूशास्त्रज्ञांना अजून पटले नव्हते, त्या काळात सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाने दिलेली ही साक्ष आहे. महाराष्ट्रात ती फारशी सांगितली जात नाही, याची मला खंत वाटते.

तो भारत आशियाला जाऊन भिडला, तिबेट उचलला गेला. मग पुढचा प्रश्न आला : कडेची जमीन कुठे गेली? पॉल ताप्पोनिये आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये प्लॅस्टिसिनच्या थरात कठीण ठोकळा घुसवून पाहिला. पूर्वेची बाजू मोकळी ठेवली होती. तिकडे तुकडे सरकत आणि वळत बाहेर पडले. त्यावरून त्यांनी मांडले, की इंडोचायना तांबड्या नदीच्या भ्रंशावरून सुमारे 800 किलोमीटर आग्नेयेला ढकलला गेला आणि 25 अंश फिरला.

हे पडताळायचे तर खडकांकडेच जावे लागते. तांबड्या वालुकाश्मात हेमाटाइट हे लोहखनिज असते आणि तेही अशी दिशा जपते. होकायंत्राने आणि सूर्यावरून दिशा खुणावून वालुकाश्माच्या बोटभर नळ्या कापतात. प्रयोगशाळेत त्या टप्प्याटप्प्याने सहाशे अंशांच्याही वर तापवतात, म्हणजे मागाहून चढलेले चुंबकत्व उतरते आणि मूळचे उरते. थर कललेले असतील तर तो कल हिशेबातून काढतात. मग त्याच वयाच्या, न फिरलेल्या प्रदेशातल्या दिशेशी ताडून पाहतात. जो फरक उरतो, तेवढे फिरणे. एका नमुन्यावर कोणी विसंबत नाही. विखुरलेल्या दिशांची सरासरी काढण्याचे गणित रोनाल्ड फिशर यांनी 1953 मध्ये याच कामासाठी दिले.

युन्नानमधल्या सिमाओ भागात उत्तर एकसारखे आले नाही. काही ठिकाणी साठ अंशांहून अधिक फिरणे, तर काही ठिकाणी पुष्कळ कमी. एकच अखंड ठोकळा फिरला असता तर आकडे जुळले असते. म्हणजे त्याचे तुकडे पडले, थर वाकले, प्रत्येक भाग आपापल्या भ्रंशांमध्ये वेगळा वळला. प्लॅस्टिसिनने दिशा बरोबर दाखवली होती, पण खरे कवच त्याहून अधिक तुटलेले निघाले. कवचाचा खालचा तापलेला भाग वाहत असावा आणि वरच्या तुकड्यांना तोच ओढत असावा, असेही काही भूशास्त्रज्ञ मानतात. जीपीएसच्या मोजणीतही नामचा बारवाभोवती जमीन आज घड्याळाच्या दिशेनेच वळताना दिसते. मात्र जीपीएसकडे काही दशकांचीच नोंद आहे. कोट्यवधी वर्षांचे एकूण वळण मोजायला अजूनही तांबड्या खडकातल्या त्या नळ्याच कापाव्या लागतात.