आपल्या घराला धोका कशाचा?

आपत्ती म्हटली की भूकंप किंवा चक्रीवादळ डोळ्यांसमोर येते. अमरावती आणि अकोला ही शहरे समुद्रापासून दूर असल्याने येथील अनेक कुटुंबे स्वतःला सुरक्षित समजतात. प्रत्यक्षात वऱ्हाडातील बहुतेक संकटे ठरलेल्या ऋतूत येतात आणि परिचयाची असल्यामुळेच दुर्लक्षिली जातात. टॉर्च, दोरी, औषधे अशी तयार यादी कोठेही मिळते. आपल्या घराला कोणता धोका अधिक, हे मात्र घरातील मंडळींनीच ठरवावे लागते.

उष्णतेची लाट

मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू करून कामगारांना पाणी व सावली देणे बंधनकारक केले. उन्हाने भिंती कोसळत नाहीत, म्हणून तिची गणना आपत्तीत होत नाही. मात्र टिनाचे छप्पर, वरचा मजला, वृद्ध, तान्ही मुले आणि उन्हात काम करणारी व्यक्ती यांपैकी काहीही घरात असल्यास हा धोका पहिल्या क्रमांकाचा मानावा. वीज गेल्यावर कूलर बंद पडतो. अशा दुपारी घरातील सर्वांत थंड खोली कोणती, हे आधीच पाहून ठेवावे.

पाणी

अकोला शहराची भिस्त काटेपूर्णा प्रकल्पावर, तर अमरावतीची अप्पर वर्धा धरणावर आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी पिण्यास पर्याय ठरेलच असे नाही. त्यामुळे माणशी रोज किमान ३ ते ४ लिटर, याप्रमाणे तीन दिवसांचे पिण्याचे पाणी झाकून ठेवावे.

वादळ आणि वीज

९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात कडुलिंबाचे जुने झाड टिनाच्या शेडवर कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. पावसापासून बचावासाठी घेतलेला आसराच घातक ठरला. घरालगतचे वाळलेले वा कललेले झाड, सैल टिनपत्रे आणि गच्चीवरील टाकी यांची पाहणी उन्हाळा सुरू होतानाच करावी. विजा कडाडत असताना झाडाखाली थांबू नये.

नदी-नाल्यांचा पूर

जुलै २०२१ मध्ये मोर्णेच्या पुराचे पाणी अकोल्यातील सखल वस्त्यांत शिरले. अमरावती जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पुराने ३० जुलै १९९१ रोजी पलीकडच्या नागपूर जिल्ह्यातील मोवाड येथे दोनशेहून अधिक बळी घेतले. अमरावतीत अंबा नाल्यालगत राहणाऱ्यांनीही गाफील राहू नये. घर निळ्या पूररेषेच्या आत आहे की निळ्या व लाल रेषांच्या मध्ये, याची चौकशी करावी. निळी रेषा साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर दर्शवते. यापूर्वी पाणी कोठवर आले होते, हे शेजारच्या जुन्या रहिवाशांना विचारावे.

भूकंप

३० सप्टेंबर २०२४ रोजी मेळघाट परिसरात ४.२ तीव्रतेचा धक्का जाणवला. शहरांसाठी ही शक्यता तुलनेने कमी आहे. तरी जड कपाट भिंतीला पक्के करणे इष्ट.

क्रम कसा लावावा?

प्रत्येक धोक्याला शक्यतेसाठी आणि घरातील परिणामासाठी १ ते ३ गुण द्यावेत व दोन्हींचा गुणाकार करावा. उदाहरणार्थ, आजी-आजोबा असलेल्या, टिनाच्या घरात उष्णतेचे गुण ३ गुणिले ३ म्हणजे ९ होतील. नाला दूर असल्यास पुराचे १ गुणिले २ म्हणजे २. नाल्याकाठच्या पक्क्या घरात हाच क्रम उलटू शकतो. पैसा आणि श्रम सर्वाधिक गुणांच्या धोक्यावर आधी खर्च करावेत. शेजाऱ्याची यादी आपल्याला लागू पडेलच असे नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा तयार केला जातो. त्यात आपल्या भागाचा उल्लेख आहे काय, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८ आणि आपत्कालीन मदत ११२ हे क्रमांक दाराजवळ लिहून ठेवावेत. विजेच्या पूर्वसूचनेसाठी ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप उपयुक्त आहे.

यादी एकदा करून भागत नाही. गुढीपाडव्याला उन्हाळ्याची आणि मृगापूर्वी पावसाळ्याची अशी वर्षातून दोनदा ती तपासावी. घरात बाळ आले, आजोबा अंथरुणाला खिळले किंवा घर बदलले, तर धोक्यांचा क्रमही बदलतो.