जेन क्रॉफर्डने अंथरूण आवरले

गेल्या वर्षी माझे गर्भाशय काढले. दुसऱ्याच दिवशी सकाळी परिचारिकेने मला उठवून चालावयास लावले. सासूबाई रागावल्याच! त्यांना अशाच शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर पाठ टेकून पडावे लागले होते. मला मात्र जेन क्रॉफर्डची आठवण झाली.

ही अमेरिकेतील केंटकी राज्यातली शेतकरीण. पोट वाढले तेव्हा डॉक्टरांना जुळे वाटले. निघाली अंडाशयाची गाठ. १८०९ च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, ती घोड्यावर बसून ६० मैलांवरील डॅनव्हिलला डॉ. एफ्रेम मॅक्डॉवेल यांच्याकडे गेली. भूल ठाऊक नव्हती, जंतूंची कल्पनाही नव्हती. बाई स्तोत्रे म्हणत पडून राहिली, आणि २५ मिनिटांत २२ पौंडांहून जड गाठ बाहेर आली. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहतात तो बाई आपले अंथरूण आवरीत उभी! त्यांनी तिला सक्त ताकीद दिली. ती पुढे ३२ वर्षे जगली.

सर्वांचे नशीब असे कोठले? जखम पिकून कितीतरी जणी दगावत. १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक आम्लाचा उपाय प्रसिद्ध केला, तेव्हापासून हळूहळू पालट झाला. आता चिरा देण्याआधी तासाभरात जंतुनाशक औषध टोचतात. पण बायकांना बिछान्याला खिळवण्याची रीत बराच काळ टिकली. १९९० नंतर डेन्मार्कच्या डॉ. हेन्रिक केलेट यांनी आतड्याच्या रोग्यांना लवकर उठवून, लवकर जेवू घालून दाखविले; मग ती पद्धत आमच्या दुखण्यांपर्यंत आली.

सासूबाईंना हे सारे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “अंथरूण तिने आवरले, मग नवरा काय करीत होता?”