आजोबांच्या अंगाखांद्यावर

डोळे मिटलेले, तोंड उघडं आणि अंगाखांद्यावर पोरंच पोरं. कुणी मांडीवर, कुणी पाठीला लोंबकळलेलं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फेच्या बाजारात ही मातीची मूर्ती ‘स्टोरीटेलर’ म्हणून विकली जाते. पाहणाऱ्याला वाटतं, ही हजार वर्षांची परंपरा असणार. पण तिला जन्मसाल आहे: १९६४. आणि आईही आहे: कोचिटी या पुएब्लोतली, म्हणजे मूलनिवासींच्या गावातली, हेलन कोर्देरो.

कोचिटीत मातीची माणसं मात्र फार आधीपासून घडत. १८८०मध्ये रेल्वे सांता फेला पोचली, तेव्हा इथले कुंभार बाहेरून आलेल्या पाद्र्यांच्या, सर्कसवाल्यांच्या नकला मातीत उतरवत होते. पुढे हे काम ओसरलं. मांडीवर मूल घेतलेली ‘गाणारी आई’ तेवढी तग धरून राहिली.

हेलन आधी मणी आणि चामड्याचं काम करी. मातीकडे वळली, तर भांडी वाकडी होत. मग ती छोटी माणसं घडवू लागली आणि त्यांत तिचा हात बसला. लोककलेचे संग्राहक अलेक्झांडर जिरार्ड यांनी ती विकत घेतली आणि भरपूर मुलं असलेली मोठी मूर्ती करायला सांगितलं. हेलनला आठवले आजोबा, सांतियागो किंताना. गोष्टी सांगणारे, भोवती कायम नातवंडांचा गराडा असलेले. आईच्या जागी आजोबा बसले, एवढाच बदल. पण त्यानं सगळंच पालटलं.

माती गावाजवळच्या डोंगरातली. अंगावर पांढऱ्या मातीचा लेप, त्यावर लाल माती आणि रानझुडपाचा पाला उकळून आटवलेला काळा रंग. भाजणी उघड्यावर, लाकूड आणि शेणाच्या जाळावर. अशा जाळात एखादी मूर्ती तडकली की कितीतरी दिवसांची मेहनत मातीमोल.

पुढे इतर पुएब्लोंतल्या कुंभारांनीही ही कल्पना उचलली. आजोबांच्या जागी आज्या आल्या, अस्वलं आली, घुबडंही आली. हेलनला हे सगळं रुचलं नाही. तिच्या लेखी गोष्ट सांगणारे आजोबाच. तिचा आग्रह योग्य होता, कारण तिनं एक प्रकार नव्हे, एक माणूस घडवला होता. १९८६मध्ये तिला अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. १९९४मध्ये ती गेली. पाच मुलांसह बसलेले ते पहिले आजोबा आज सांता फेच्या आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालयात, जिरार्ड यांच्या संग्रहात आहेत.